अंधाराचं सेटिंग

नेऱ्याची मुलगी शेजारच्या माणमध्ये दिली म्हणजे एका आळीतून उठून दुसऱ्या आळीत बसवल्यासारखंच. अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तोच, असं मी चिडले की म्हणते. तशी जेजुरीला गेलेय, आळंदीला गेलेय, पण घरातली चार माणसं बरोबर घेऊन, डबे भरून, आणि संध्याकाळच्या आत परत. मला काहीतरी बघायचंय म्हणून मी उठून कुठे गेले, असं चाळिशी उलटेपर्यंत झालं नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हा घरासमोर भाताची खाचरं होती. आता चार मजले आहेत, अठरा खोल्या, आणि त्यांत कंपन्यांतली मुलं-मुली भाड्याने राहतात. शेजाऱ्यांनीही तेच केलं. दोन्ही घरांनी मध्ये थोडी थोडी जागा सोडायची असं ठरलं होतं, सोडली कुणीच नाही. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की हात पुरेल इतक्या अंतरावर त्यांची भिंत. भर बारा वाजता दिवा लावल्याशिवाय डाळ निवडता येत नाही.

आणि या घरात माझ्या गळ्यात बांधलेलं काम म्हणजे मोटर. पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक. आलं की खालच्या टाकीतून वर चढवायचं, वरची भरली की त्या क्षणी बंद करायचं. उशीर झाला तर गच्चीवरून जिन्यात धबधबा, आणि अठरा खोल्यांचे फोन. आपोआप बंद होणारं यंत्र बसवलं होतं की. सहा महिन्यांत बिघडलं. घरात बाई बसलेली असताना ते दुरुस्त कोण करतंय? माझ्याआधी हे काम सासूबाईंकडे होतं, त्याच्याआधी त्यांच्याकडे म्हशी होत्या. दोघींपैकी एकीने घरात असायचंच, हा आमच्या घरचा न लिहिलेला कायदा. एकीला जायचं तर दुसरीने बटणापाशी बसायचं. दोघी मिळून आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पलीकडे कधी गेलो नाही.

कॅमेरा घरात आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीमुळे. ती नागपूरकडची, कंपनीत नोकरीला, आणि शनिवारी पहाटे मित्रमंडळींबरोबर फोटो काढायला जायची. तिने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मी मागून घेतला. का मागितला ते मलाही नीट सांगता आलं नसतं. नवरा म्हणाला, "मोबाइल हाय की हातात. ह्यो दगड कशाला गळ्यात?"

तिने मला दोन संध्याकाळी बसून शिकवलं. पहिल्या संध्याकाळी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मीच म्हटलं, थांब, हे तर माझंच काम आहे. भिंगाचं भोक म्हणजे पाइप, जाड किंवा बारीक. शटर म्हणजे मोटर किती वेळ चालू ठेवायची ते. आणि आयएसओ म्हणजे टाकी. आकडा वाढवला की टाकी लहान होते, थोड्याशा उजेडातच भरते. फोटो काळा आला म्हणजे टाकी अर्धीच भरली, पांढरा आला म्हणजे वाहून गेली. ती हसली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला शिकवायला मी कोण?"

मग मला सामानाचं वेड लागलं. कुठे जायला मिळत नव्हतं, तर निदान जाण्याची तयारी तरी करावी. आधी कॅमेरा बसवायची तिपाई घेतली, कारण घरात उजेड कमी, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि हात हलतो. तिचे पाय पसरले की बोळातून माणूस जाईना, दूधवाला दोनदा अडखळला. मग त्या मुलीच्या सांगण्यावरून मोठ्या भोकाचं एक छोटं भिंग घेतलं, अंधारातही चालणारं. ते खरं कामाचं निघालं. बांधकामाची धूळ बसू नये म्हणून पुढे काचेचा फिल्टर. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते म्हणाली, तर मी स्टीलच्या मोठ्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकून त्यात कॅमेरा ठेवायला लागले. सासूबाई एकदा चिवड्याचा डबा समजून तो उघडून बसल्या होत्या.

फोटो कसले काढायचे? जे होतं त्याचे. कुकरची वाफ, जिन्यातल्या चपला, मोटरचं बटण, डाळ निवडणाऱ्या सासूबाई. भोक पूर्ण उघडं, आयएसओ बत्तीसशे, शटर एक-साठांश. हे आकडे मला पाढ्यासारखे पाठ झाले. घरात दुसरे आकडे लागतच नव्हते. कॅमेरा कायम तसाच लावून डब्यात ठेवायचे.

सासूबाईंचं माहेर ताम्हिणीचं. त्यांच्या भावाच्या दहाव्याला त्या गेल्या होत्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी म्हशी होत्या, मग बांधकाम निघालं, मग भाडेकरू आले. गुडघे नंतर दुखायला लागले, पण दोष सगळा गुडघ्यांना देतात. एका श्रावणात त्या मुलीचा गट ताम्हिणीला निघाला. गाडीत एक जागा होती. मी दोन दिवस तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना बोलून टाकलं.

नवरा भाकरी मोडत म्हणाला, "जा की. पण एवढं सामान साठवलंय, एक तरी फोटो भिंतीवर लावावा असा आण. न्हाई आला, तर ही हौस इथंच बंद. डबा माळ्यावर."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच राग न येता माळ्यावर गेल्यात. मी हो म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला. बटन मी दाबते, त्याला काय शाळा शिकाया लागतीया?" आणि भांडी घासताना हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "माझ्या भावाचं दार घिऊन ये बाय. फोटूत. निळं हाय बग."

पावसासाठी कॅमेऱ्याचं कव्हर घ्यायचं होतं. ती मुलगी म्हणाली, मागून उघडं असतं ते घ्या, पडदा दिसतो, बटणं हाताला लागतात. दुकानात मी दोन्ही बघितली आणि चहूबाजूंनी बंद असलेलं घेतलं, मागे डोळा लावण्यापुरतं भोक आणि पडद्यासमोर प्लास्टिकची छोटी खिडकी असलेलं. जितकं बंद तितकं सुरक्षित, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. त्या प्लास्टिकवर वाफ धरेल हे काही सुचलं नाही.

पहाटे निघाले तेव्हा सासूबाई ओट्यापाशी चहा करत होत्या. जाता जाता त्यांचा एक फोटो काढला. छान आला. कॅमेऱ्याला कव्हर घातलं, नाडी ओढली आणि गाडीत बसले.

पौड सोडल्यावर नवऱ्याचे दोन फोन आले. एक चावीसाठी, एक दुसऱ्या मजल्यावरच्या गळक्या नळासाठी. धरणाचं पाणी उजवीकडे लांबच लांब पसरलेलं, आणि मी कानाला फोन लावून, लाल मुठीचा पाना कुठल्या खणात आहे ते सांगत होते. घाट जवळ आला आणि रेंज गेली. फोन मुका झाला तेव्हा कुठे मी मान वर केली.

काय सांगू. एवढं आभाळ मी विसरूनच गेले होते. भिंत नाही, गज नाहीत, डोंगरावरून पाणी आपल्या मनाने खाली येतंय आणि ते बंद करायला कुणी धावत नाही. मला रडू आलं. ती मुलगी शहाणी, तिने बाहेर बघितलं. मग मी सुटलेच. शेतं काढली, दरी काढली, ढाब्यावरचा चहा काढला. सासूबाईंच्या भावाचं घर विचारत विचारत सापडलं. निळं दार होतं, खालची फळी नवी बसवलेली. भाच्याची बायको ओले हात पुसत बाहेर आली, तिने चहा दिला, पायरीवर पाट टाकला. म्हणाली, "आत्याबाईंस्नी कवा आणताय? सारख्या फोनवर म्हनत्यात येते येते." त्या दाराचे मी पंधरा-वीस फोटो काढले. सरळ, तिरके, दारात ती बाई उभी करून. मागच्या प्लास्टिकवर वाफ होती, पडदा दिसत नव्हता. बघायच्या भोकातून बघितलं की खाली उजेड मोजणारा काटा पार टोकाला जाऊन लुकलुकत होता. तो मला दिसला असणार. पण मी दार बघत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत कव्हर काढलं. पहिला फोटो पांढरा. दुसरा पांढरा. कागद पांढरा असतो तसा. मागे मागे जात राहिले, सगळा दिवस पांढरा होता. शेवटी पहाटेच्या सासूबाई आल्या, चहा गाळताना, लख्ख.

मुलीने कॅमेरा हातात घेतला, आकडे बघितले आणि हळू आवाजात विचारलं, "काकू, हे घरातलंच सेटिंग राहिलं का?"

आयएसओ बत्तीसशे, भोक पूर्ण उघडं, एक-साठांश. जन्मभर मोटर वेळेवर बंद करणारी बाई मी. एक दिवस आभाळाखाली गेले आणि टाकी दिवसभर वाहत राहिली. यातून काही निघेल का विचारलं, तर ती नाही म्हणाली. मला स्वतःचा इतका राग आला की तो कॅमेरा धरणात फेकावासा वाटला. बाहेर नेलं तरी मी घराचाच अंधार लावून फिरत होते.

घरी पोचले तर जिना ओला. सासूबाईंनी मोटर उशिरा बंद केली होती आणि नवरा फडकं घेऊन पुसत होता. फडकं टाकून त्याने हात पुढे केला. "बघू. भिंतीवर लावायचा कुठला?"

दिला कॅमेरा. त्याने एक बघितला, दुसरा बघितला, डोळे बारीक केले. "ह्यात काय हाय? सगळं पांढरं."

"आण हिकडं," सासूबाई म्हणाल्या. चष्मा शोधला, पदराने पुसला, लावला. पडद्यावर निळ्या दाराचा पांढरा फोटो होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "धुकं हाय ह्ये. ही आमची वाट. हितं वळलं का हितं दार. सरावनात असंच दिसतंय तितं, हाताला हात दिसत न्हाई. तू गेलायस कवा सरावनात तुज्या मामाकडं? मग?"

नवऱ्याने पुन्हा वाकून बघितलं. आईपुढे त्याचं फार चालत नाही. "असंल बाबा," तो म्हणाला. "धुकं आणाया एवढं सामान लागतं व्हय!" आणि हसून फडकं उचललं. "बरं, भिंतीवर न्हाई, पर राहू दे कॅमेरा. बघितलं ना आता ताम्हिणी? झालं मग."

कॅमेरा वाचला आणि त्याच वाक्यात माझं जाणंही संपलं. जे बघायचं ते बघून झालं होतं, पुन्हा जायला कारण उरलं नव्हतं. फोटो बिघडला म्हणून सांगितलं असतं तर डबा माळ्यावर गेला असता. दोन्हीकडून भिंतच.

स्वयंपाकघरात दिव्याखाली आम्ही दोघीच उरलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, ते धुकं न्हाई. माजी चूक झाली. दार आलंच न्हाई."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "धुक्यात माजा जलम गेलाय. धुकं असं असतंय व्हय? पर दुसरं काय म्हनले असते तर त्यानं ठिवला असता का क्यामेरा?" मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तोंडानं सांग. कसं हाय दार?"

मी सांगितलं. निळंच आहे, खालची फळी बदललीये, पायरीवर पाट टाकतात, सून गोड आहे. त्या ऐकत होत्या, मध्येच 'व्हय', मध्येच 'कडी तीच का?' कडी मी बघितली नव्हती. शेवटी म्हटलं, "त्या विचारत होत्या, आत्याबाई कवा येनार म्हणून. पुढच्या खेपेला तुमीच चला."

त्यांनी ताटातली डाळ पुढे ओढली आणि खडे बघायला लागल्या.

"आन् मोटर?" त्या म्हणाल्या.

त्याला दोन पावसाळे झाले. ती मुलगी दुसऱ्या कंपनीत गेली, खोलीत आता दुसरे आहेत. तिपाईवर मी टॉवेल वाळत घालते. कॅमेरा डब्यातच असतो, पण त्या दिवसापासून मी तो बाहेरच्या उजेडावर लावून ठेवलाय. आयएसओ शंभर, भोक बारीक. सासूबाई अधूनमधून कामाच्या नादात विचारतात, "लावलाय का गं?" मी म्हणते, लावलाय.

सेटिंग मात्र मी बदलत नाही. त्यामुळे घरात काढलेले सगळे फोटो काळे येतात. परवा पाणी आलं तेव्हा सासूबाई बटणावर हात ठेवून टाकी भरायची वाट बघत उभ्या होत्या, तेव्हा एक काढला. पडद्यावर नुसता काळोख आहे. त्यात त्या उभ्या आहेत, हे फक्त मला माहीत.