कुठला हिरवा?

"असू दे, काकू."

तिच्या तोंडी हे एवढंच असायचं. चहा देऊ का, असू दे. थंडी वाजतेय, आत ये, असू दे. बाग काय सुंदर केलीस गं, तर त्यालाही असू दे. बोलायचं म्हटलं की जणू तिला ओझं उचलावं लागायचं.

ती मूळची मिरजेची, चित्रकलेची पदवी घेतलेली. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये रीडिंगला आली आणि इथे लोकांच्या बागा करायला लागली. आमच्या मराठी मंडळींत त्यावरून थोडी कुजबुज झाली. माझे गुडघे गेलेले, आमच्या यांना हॉस्पिटलमधून सवड नाही, म्हणून मी तिला बोलावलं. तिने लावलेले वाफे तुम्ही पाहायला हवे होते. पानांशेजारी पानं, फुलं अगदी मोजकी, भडक काही नाही. मी एकदा हौसेने लाल जिरेनियमची कुंडी आणली. तिने ती न बोलता शेडमागे नेऊन ठेवली. मी पुन्हा पुढे आणली, तिने पुन्हा मागे नेली. या विषयावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही.

एका मार्चमध्ये तिची आई अचानक गेली. व्हिसा वाढवायला दिलेले पासपोर्ट परत आलेले नव्हते, त्यामुळे तिला जाता आलं नाही. तिकडे त्याच दुपारी सगळं उरकलं. तेव्हा फोनकार्डाचे दिवस होते. तिने भावाला फोन करून विचारलं, आईला शेवटी कुठली साडी नेसवली? तो म्हणाला, सवाष्ण गेली ना, हिरवी.

"कुठला हिरवा?"

"हिरवा म्हणजे हिरवा," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. घर माणसांनी भरलेलं, त्याचं स्वतःचं रडणं आवरत नसलेलं. त्याला तो प्रश्न वेडगळच वाटला असणार.

हे तिने मला आठवड्याभराने सांगितलं, गुलाब छाटता छाटता, माझ्याकडे न बघता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "काकू, आई डोळ्यांपुढे येते. चेहरा येतो, हात येतात. साडीपाशी आलं की सगळं कोरं."

मग ती पानं घेऊन यायला लागली. आयव्हीचं, होस्टाचं, बीचच्या झाडाचं कोवळं. ओट्यावर मांडायची आणि विचारायची, साडी साधारण अशी असेल का? मी काय सांगणार? एक दिवस मी माझ्या सगळ्या हिरव्या साड्या पलंगावर काढून ठेवल्या. ती एकेकीवरून हात फिरवत गेली. मग तिनेच सगळ्या नीट घड्या करून कपाटात ठेवल्या आणि कामाला गेली.

मे महिन्यात पासपोर्ट आले. ती मिरजेला जाऊन आली. परतल्यावर पहिल्यांदा आली ती बागेत गेलीच नाही, स्वयंपाकघरात येऊन बसली.

"वहिनीने सांगितलं," ती म्हणाली. "मीच पाठवलेली साडी होती ती."

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भारतात निघालं होतं, म्हणून घाईघाईने लंडनला, साउथहॉलच्या देशी बाजारात जाऊन घेतलेली. आईने तिची घडीही मोडली नव्हती. लेक आली की नेसेन, म्हणायची.

मला हायसं वाटलं. म्हटलं, "म्हणजे रंग तुला ठाऊकच आहे की गं."

तिने मान हलवली. "दुकान बंद होत होतं, काकू. वरची होती ती उचलली. मला आठवतच नाही."

मी गॅसकडे वळले. तेवढ्यात ती उठून बाहेर गेली. खिडकीतून पाहिलं, तर ती वाफ्यापाशी बसली होती. हातात ना कात्री, ना हातमोजे. पाऊस भुरभुरायला लागला तरी हलेना. शेवटी छत्री घेऊन मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले.

आता ते लोक एडिनबराला असतात. नाताळात फोन येतो, दोन मिनिटांत संपतो. मला मात्र ती त्या दुपारचीच आठवते. ओल्या मातीत गुडघे टेकलेली, तोंडातून आवाज नाही, आणि माझ्या छत्रीखाली तिची पाठ हलतेय.