नवस माझा, पाय तिचे

डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा मी आधी डॉक्टरांवर चिडले आणि मग देवीवर. चाळिशीसुद्धा उलटली नव्हती माझी! मुलुंडच्या आमच्या चाळीत श्रीखंड करावं तर मी, आणि मलाच गोड बंद. मधुमेहाचे ते मोठे डॉक्टर माणूस भला. गोळ्या वेळेवर घ्या, भात कमी करून नाचणीची भाकरी खा, रोज चाला, पण साखरेनं पाय बधिर होतात, अनवाणी मुळीच फिरू नका, असं त्यांनी शांतपणे समजावलं. बाकी सगळं मी ऐकलं. पण नवरात्र आलं आणि मी नवस बोलून बसले: आई, नऊ दिवस अनवाणी तुझ्या दर्शनाला येते, एवढी साखर घेऊन जा. आमचे हे मालवणचे. "अगो, डॉक्टर सांगतत काय नि तू करतंस काय?" म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर शिकलेले असतील, पण देवी मोठी.

सातव्या दिवशी देवळाची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. माझ्या मागे नऊवारीतली एक अनोळखी मावशी उभी होती. ती एकदम ओरडली, "अगं ए, पाय बघ! रक्त येतंय!" टाचेत काच रुतली होती आणि भोवती पू धरला होता. कधीची होती कोण जाणे, मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्या न दुखण्याचीच मला भयंकर भीती वाटली.

मावशीनं रिक्षा थांबवली. मी काही चढेना. "दोनच दिवस राहिलेत हो. नवस मोडला तर देवी कोपेल," म्हणत रडायलाच लागले.

"कोपायला ती काय तुझी सासू आहे? आई आहे ना?" असं म्हणत तिनं माझ्या टाचेला रुमाल बांधला आणि स्वतःच्या चपला काढून माझ्या पायांत घातल्या. "उरलेलं मी चालते तुझ्या नावानं. चल, बस आता मुकाट्यानं."

मला दवाखान्यात पोचवून ती देवळाकडे परतली. डॉक्टर म्हणाले, नवरात्र संपायची वाट बघितली असतीत तर पाय काढावा लागला असता. मला दाखल करून घेतलं, इन्सुलिन सुरू झालं. पाय राहतो की जातो या काळजीनं ह्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दसऱ्याला दुपारी मावशी दवाखान्यात आली. माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवून म्हणाली, "फिटला गं तुझा नवस, देवीला सांगून आले." पण ती लंगडत होती. तळव्यांना हे एवढाले फोड! मी तिला हट्टानं खाटेवर बसवलं आणि त्या पायांवर डोकं टेकलं. "येडी का काय तू!" म्हणत ती पाय मागे ओढत होती, आणि मी पोटभर रडत होते.

माझा पाय वाचला. साखर मात्र देवीनं नेली नाही, ती आहेच. आता मी औषध चुकवत नाही, आणि साडीवर कॅनव्हासचे बूट घालून रोज चालते. पोरंटोरं हसतात, हसू देत. देवीवर भार टाकायचा म्हणजे तिनं पुढे केलेला हात धरायचा, मग तो डॉक्टरांचा का असेना, एवढं मला उमगलं. चाळीतल्या बायका म्हणतात, ती मावशी म्हणजे साक्षात देवीच. असेलही. देवीच्या पायांना फोड येतात की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र त्या फोडांना माझ्या हातानं खोबरेल लावलंय.