नावकाकांचा खिळा

शुद्धलेखन चुकले असेल तर माफ करावे. मी चौथीपर्यंतच शिकले आणि अक्षर असे की दुसऱ्या दिवशी माझे मलाच लागत नाही. पण चुका काढणारे नावकाका आता नाहीत, तेव्हा भीती कोणाची?

नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन भांड्यांवर नावे घालणारे ते नावकाका. मी त्याच दुकानात भांडी पुसायला होते. काका मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा नापास झालेले, म्हणून इंग्रजीचे मोठे जाणकार. "पास झालेल्यांनी पुस्तक एकदाच वाचलं. मी तीनदा," असे ते छाती फुगवून सांगत.

तेव्हा लोकांना भांड्यावरही इंग्रजी हवे झाले होते. मग काय, काकांचे राज्य आले. नाव लिहायचे, शेवटच्या अक्षरापाशी वर एक बारीक खूण करायची आणि पुढे एस. त्या खुणेला ते खिळा म्हणत. "खिळा ठोकला की वस्तू मालकाला टांगली. आता हलत नाही." भांडे चोरणाऱ्यालाही इंग्रजी येत असावे, असा त्यांचा भरवसा होता.

मी बोलत नसे, आणि न बोलणे म्हणजे शिकायची आवड, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. "एक कप, दोन कप्स. एक डिश, दोन डिशेस. पण एक वुमन, दोन विमेन. बाईला शेपूट लागत नाही पोरी, ती आतून बदलते." हे ज्ञान भर गिऱ्हाइकात. मी परातीत तोंड खुपसून पुसत राही.

एकदा वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ तांब्याचा हंडा घेऊन आले. दोघांनाही आपलेच नाव हवे होते. काकांनी इंग्रजीत 'भाऊ' लिहिले, एस लावला आणि खिळा एसच्याही पुढे ठोकला. "काय लिहिलं?" थोरल्याने विचारले. "दोघांचा मिळून. पटत नसेल तर हंडा कापून आणा, अर्ध्याअर्ध्यावर लिहितो." दोघे मुकाट्याने पैसे देऊन गेले.

पुढे मी सातपूरच्या कंपन्यांतल्या मुलांना जेवणाचे डबे द्यायचे ठरवले. तीन पुडांचे दहा डबे हवे होते आणि जवळ काही नव्हते. काकांनी दुकानदाराला स्वतःचे पैसे दिले. दर महिन्याला थोडे फेडायचे ठरले. "पण फिटेपर्यंत नाव नाही. नुसते आकडे, एक ते दहा." काय हे उदार मन! मुलांच्या खोल्यांवर डब्यांची अदलाबदल होई. माझा सात नंबर परत आला तो कोणा वत्सलाबाईंचा होऊन. मी रडकुंडीला आले, तर काका म्हणाले, "मग लवकर फेड."

धंदा बरा चालू लागला तेव्हा आमच्या ह्यांना डब्यांचे प्रेम आले. एका सकाळी ते पिशवीत डबे भरून दुकानात आले. "काका, माझं नाव घाला. घरच्या भांड्यावर पुरुषाचंच नाव असतं."

"बरोबर आहे पाहुणे," काका मशीन न उचलता म्हणाले. "पण हे अजून माझे डबे. माझ्या वस्तूवर तुमचं नाव कशाला?"

"बायको फेडतेय ना?"

"फेडतेय. तुम्ही नाही."

हे पिशवी तिथेच टाकून निघून गेले. मी दीड वर्ष ज्या नियमाला मनात शिव्या घातल्या, तो कोणासाठी होता ते मला त्या दिवशी परात पुसताना कळले.

शेवटचा हप्ता द्यायला गेले तेव्हा दहाही डबे बरोबर नेले. काकांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, खिशात घातल्या आणि मशीन सुरू केले.

"हं, नाव सांग."

मी सांगितले.

"मोठ्यानं बोल. सगळे पैसे फिटलेत आता."