चारशे बारा पाकिटं

सुलभा पोंक्षेला मी एकोणचाळीस वर्षं ओळखते आणि त्यातली निदान वीस वर्षं तिच्यावर वैतागलेली आहे. कोलकात्यात बेहालाला तिच्या घरी चहाला जावं, तर टेबलावर कुजक्या लाकडाचा तुकडा आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढाल्या अळंब्या. "हात लावू नकोस, दुपारपर्यंत माना टाकतील," असं म्हणून ती त्यांचं चित्र काढत बसायची. चहा मीच करून घ्यायचा.

नागपूरची बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. नोकरी केली नाही, कारण नवरा बँकेत आणि दर तीन-चार वर्षांनी बदली. अनिलराव जलपाईगुडीला होते तेव्हा हिला तिथलं ओलं जंगल भेटलं. पडलेला सालवृक्ष वीस-वीस वर्षं कुजत राहतो आणि त्यावर दर पावसाळ्यात काहीतरी निराळं उगवतं, हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय की माझं पाठ आहे. पुढे कोलकात्याला कायमचे आले, तरी हिचं चालूच. तळ्याकाठी माड पडला की ही तिथे हजर. लोक म्हणायचे, भाजीसाठी नेते. "खाऊन बघितलंस का कधी?" मी विचारलं होतं. "तुझ्यावर प्रयोग करणार आहे," म्हणाली.

या अळंब्या ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाळीवर ठेवून खाली बल्ब लावून वाळवायची. या शहरात भाजलेला पापडही ताटात येईपर्यंत मऊ पडतो, तिथे उन्हाचा काय भरवसा? वाळल्या की सगळ्या सारख्याच, तपकिरी चुरा. म्हणून पाकिटावर नंबर. तोही पेन्सिलीनं, कारण दमटपणात शाई पसरते. आणि त्या नंबरापुढे वहीत सगळं: तारीख, जागा, लाकूड कोणत्या झाडाचं, ताजी असताना रंग काय. नंबर गेला तर पाकिटात राहिला तो कचरा. पाकिटं तरी काय, बँकेतल्या बाद फॉर्मांच्या घड्या.

तीन वर्षांपूर्वी सुलभाचा गुडघा बदलला. अकरा दिवस हॉस्पिटलात. अनिलरावांना घरात एकट्यानं करमेना. माणूस जन्मभर व्हाउचरं लावत आलेला. त्यांनी नवीन पांढरी पाकिटं आणली, एकाच मापाची. सगळा माल त्यात भरला, लहानापासून मोठ्यापर्यंत लावला आणि सुंदर अक्षरात एक ते चारशे बारा नवे नंबर घातले. जुनी पाकिटं रद्दी नेणाऱ्या बिक्रीवाल्याला दिली.

सुलभा घरी आली तेव्हा मी तिथे होते. वॉकर धरून उभी, आणि अनिलरावांनी कपाट उघडून दाखवलं. "बघ. आता कसं ऑफिस वाटतं की नाही?"

तिनं एक पाकीट काढलं, उलटंपालटं केलं, परत ठेवलं. "छान लावलंत हो," म्हणाली. मलाही वाटलं, छानच आहे. मी इतिहासवाली, मला काय कळणार!

पाच महिन्यांनी अनिलराव गेले. मंडळाच्या गणपतीत भेटेल त्याला त्या कपाटाचं सांगून मग गेले.

आता मुलगा, शंतनू, तिला पुण्याला नेतोय. फ्लॅट विकला. कपाट पुण्याला मावत नाही. अळंब्यांच्या एका सरकारी संग्रहात जागा मिळते का, एवढंच तिला हवं होतं. तिथून नूपुर आली, तिशीतली बंगाली मुलगी, हिंदीत बोलणारी, हुशार. वह्या बघून तिचे डोळे चमकले. मग तिनं पाकिटं उघडली आणि नंबर जुळेनात.

दोन दिवस दोघी बसल्या. सुरुवातीच्या काही वर्षांत सुलभा पाकिटात चिठ्ठीही घालायची, ती अडतीस पाकिटं निघाली. बाकीच्यांचं काय?

"काकीमा, ही बघा ना. पिवळसर, बारीक दांडा. वहीत अशीच एक आहे, चिलापात्याच्या जंगलातली. तीच असेल?"

"असेल."

"मग लिहू?"

"नको. असेल म्हणजे आहे नव्हे."

मला राहवेना. मी मराठीत म्हटलं, "अगं, लिही म्हण तिला! कोण तपासायला येतंय? तुझं आयुष्य गेलं यात."

"म्हणूनच नको," सुलभा म्हणाली. आवाज कसा, तर दूधवाल्याला उद्या अर्धाच लिटर सांगावं तसा. पुढचं पाकीट घे म्हणून तिनं नूपुरला खूण केली. तीनशे चौऱ्याहत्तर वेळा नको म्हणाली. मी मोजलं नाही, नूपुरच्या यादीत आहे.

शेवटी नूपुरनं फॉर्म काढला. जरा चिडलीच होती पोरगी. "इतकं नीट काम, आणि ही पाकिटं कुणी बदलली? ज्याला काहीच कळत नाही अशाच माणसानं ना?"

मी तोंड उघडलं.

"मीच," सुलभा म्हणाली. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बसून होते. हौस आली."

नूपुर ओशाळली. शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं: मूळ पाकिटं संग्राहकानं स्वतः बदलली. सुलभानं चष्मा लावून ते वाचलं, खाली सही केली आणि अडतीस पाकिटं नूपुरच्या पिशवीत एकेक करून घातली.

नूपुर गेल्यावर मी तिला फाडफाड बोलले. खोटं कशाला? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? ती उरलेली पांढरी पाकिटं कपाटातून काढून फाडत होती, चुरा एकीकडे, कागद एकीकडे.

"अक्षर बघ काय आहे," म्हणाली. "एकसुद्धा खाडाखोड नाही."

कुणाला सांगू नकोस असं काही ती म्हणाली नाही. म्हणून लिहिलं.