आधी पाय, मग मॉनिटर

आमच्या आयसीयूत जीजींना पहिल्यांदा पाहणारे नातेवाईक हमखास गोंधळायचे. ड्युटीवर आल्या आल्या या ठेंगण्या, जाड चष्म्याच्या इनचार्ज सिस्टर हात धुवायच्या, एकमेकांवर चोळून गरम करायच्या आणि एकेका पेशंटचे पाय धरायच्या. एका म्हातारीचा मुलगा तर काचेबाहेरून हे बघून गहिवरलाच. "जीजी, आप हमारी माँ के पैर छूती हैं!" जीजी म्हणाल्या, "भिया, छूती नहीं, ठंडे हैं कि गरम, ये देखती हूँ. आशीर्वाद मिल गया तो वो ऊपर से!"

मी इंदूरात भंवरकुआं भागातल्या होस्टेलात राहून नर्सिंग शिकलेली, मार्कांची भारी मिजास असलेली पोरगी. बेडच्या डोक्याशी एवढा महागडा मॉनिटर असताना ही बाई पायथ्याशी काय शोधते, असं मला वाटायचं. जीजी मूळच्या ‘जुनी इंदूर’ मोहल्ल्यातल्या, त्यांचं पालुपद ठरलेलं, "आधी पाय, मग मॉनिटर. मशीन बिचारी शेवटपर्यंत इभ्रत सांभाळते. पाय पहिले खरं बोलतात, बेटा."

बेशुद्ध पेशंटशीही त्या घरच्यासारख्या बोलत. "काका, मी जीजी. आता कूस बदलते हं, घबराना मत. बाहेर ऊन मस्त पडलंय, सूनबाई आलीय." मी एकदा फिसकन हसले, तर म्हणाल्या, "कान सगळ्यात शेवटी झोपतात. तू हसलीस ते पण ऐकलं त्यांनी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग माझी खरी फजिती झाली. फजिती कसली, घोडचूकच. पोटाचं ऑपरेशन झालेले एक मास्तर माझ्याकडे होते. दर तासाला नाडी, बीपी, लघवी, सगळं मी मोत्यासारख्या अक्षरात चार्टवर लिहीत होते. बीपी छान होतं, म्हणून मीही मजेत होते. दुपारी जीजी आल्या, पाय धरले आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, गुडघ्यापर्यंत ठंडे आहेत!" डॉक्टरांना हाक मारता मारता त्यांनी माझा चार्ट माझ्यापुढे धरला. नाडी तासागणिक चढत होती, लघवी तासागणिक घटत होती. मास्तरांच्या पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं.

"लिहिलंस सगळं," त्या हळूच म्हणाल्या, "पण वाचलं कोणी?"

मास्तर परत ऑपरेशनला गेले. माझी पाचावर धारण बसलेली. जीजींनी मला पाठीशी घातलं नाही आणि चारचौघांत उघडंही पाडलं नाही. "चल, सर्जनसाहेबांना तूच सांग. मी बाजूला उभी राहते." मी रडत रडत सांगितलं. मास्तर वाचले, देवाच्या आणि जीजींच्या कृपेनं. संध्याकाळी मी राजीनामा लिहून नेला, तर त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या आणि डब्याच्या पिशवीत कोंबला. वर जीरावन मसाला भुरभुरलेला दहीभात माझ्यापुढे सरकवला. "आज जी घाबरली ना, तीच नर्स मला हवी. उद्या टाइमावर ये."

म्हणून मी आजही नर्स आहे. दुसरं काही कारण नाही.

जीजी रिटायर झाल्या आणि इनचार्जची खुर्ची माझ्याकडे आली. मागच्या वर्षी एका सकाळी त्याच जीजी स्ट्रेचरवरून आमच्याकडे आल्या. अल्सर फुटून खूप रक्त गेलेलं, तोंडात श्वासाची नळी. खरं सांगते, वर मॉनिटरकडे बघायचा मला धीर होईना. मी हात धुतले, चोळले आणि त्यांचे पाय धरले. बर्फ नुसता.

"जीजी, मी आहे. रक्त चढवतोय हं, घाबरू नका. बाहेर ऊन मस्त पडलंय." तासातासाला मी हेच बोलत राहिले, पाय बघत राहिले. प्रत्येक तासाचा आकडा लिहिला आणि प्रत्येक वेळी आधीच्या आकड्यांसकट वाचला. दुपार कलताना त्यांचे अंगठे माझ्या मुठीत कोमट लागले. स्टाफसमोर मी ढसाढसा रडले. मला लाजबीज काही वाटली नाही.

जीजींनी डोळे उघडले. नळीमुळे बोलता येईना. हात मात्र वर उचलला. डोक्यावर ठेवणार असं वाटून मी खाली वाकले.

तर त्यांनी शेजारच्या बेडकडे बोट दाखवलं.

मी डोळे पुसले, हात धुतले, चोळून गरम केले आणि शेजारच्या पायथ्याशी गेले.