विहिरीचं पाणी आणि टायवाले सर

मंडळी, आज बारामतीत डोकंच फिरलं माझं.

लेक वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करते. आज पालकांनाही वर्गात बसायला बोलावलं होतं, म्हणून शेळगावात वांग्याची तोडणी अर्धी टाकून गेले.

टाय लावलेल्या सरांनी फळ्यावर लिहिलं : कॅनॉलला पाणी सुटलं की विहिरीचं पाणी वाढतं. विहिरीचं पाणी वाढलंय. म्हणजे कॅनॉलला पाणी सुटलंय.

सर म्हणाले, "निष्कर्ष बरोबर." लेकीनं 'चूक' लिहिलं होतं. सरांनी तिच्या वहीवर लाल फुली मारली.

मी उठले. "सर, शेजारच्याची मोटर जळून उपसा थांबला तरी आमच्या विहिरीचं पाणी वाढतं. कॅनॉल कोरडा का असंना!"

सर हसले. "मावशी, हे लॉजिक आहे, शेती नाही."

सगळा वर्ग खिदळला. लेकीनं मान खाली घातली. असली अक्कल घेऊन हा माणूस वकील घडवणार!

एसटीत लेक म्हणाली, "आई, हा क्लास शोधला कुणी?"

मीच. चांगला शिक्षक असला की वर्ग भरतो, हे माहीत होतं. वर्ग खच्चून भरलेला दिसला, म्हणजे शिक्षक चांगलाच असणार, असं धरून मीच तिचं नाव घातलं.

आता नावं कुणाला ठेवू, सांगा?