साळूबाईने अडवलेलं स्ट्रेचर

साळूबाई आमच्या नगरच्या दवाखान्यात आया होती. गाव पारनेर, अक्षरओळख नाही, पण आवाज असा की व्हरांड्यात बोलली तर फाटकावरचा टांगेवाला वळून बघे. कुणाला औषध द्यायचं असलं की आधी विचारणार, "बाई, तुमचं नाव सांगा. मालकाचं बी सांगा." बायका तोंडाला पदर लावत. आम्ही शिकाऊ नर्स मुली हसायचो.

"साळूबाई, सगळ्यांची पुन्हा लग्नं लावताय की काय?"

"हसा पोरींनो. माझ्या बहिनीला दवाखान्यात दुसरीच्याच औषदाची बाटली पाजली हुती. ती काय हसायला ऱ्हायली न्हाई."

१७ फेब्रुवारी १९४७, सोमवार. माझ्या रोजनिशीतलं ते पान मी आजही काढून वाचते! डॉक्टर शामकांत पोटातल्या गाठीचं ऑपरेशन करणार होते. कागदावर नाव होतं, कडूबाई सूर्यभान, कोल्हार. मी वॉर्डात जाऊन विचारलं, "कोल्हारच्या कडूबाई तुम्हीच ना?"

"व्हय," खाटेवरची बाई म्हणाली. मी तिला स्ट्रेचरवर घेतलं.

आदल्या संध्याकाळी त्याच गावच्या, त्याच भावकीतल्या दोन कडूबाई दाखल झाल्या होत्या. मला एकच ठाऊक होती. दुसरी तीन महिन्यांची गरोदर, उलट्यांनी गळून गेलेली. मी घेऊन निघाले होते ती हीच!

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात साळूबाई चादरींचा गठ्ठा घेऊन आडवी उभी राहिली.

"बाई, मालकाचं नाव?"

कडूबाईने मान फिरवली.

"साळूबाई, बाजूला व्हा! क्लोरोफॉर्म तयार आहे," मी ओरडले.

"त्यो हुंगला की ही बोलंल व्हय? अगं बाई, नुसतं नाव घेववत न्हाई तर उखाणा घे. पन घे!"

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काय चाललंय तिथे?"

"उखाणा, साहेब!" साळूबाई म्हणाली.

स्ट्रेचरवर आडवी पडलेली कडूबाई डोळे मिटून पुटपुटली, "प्रवरेच्या काठी गाड्यांचा थाट, रंगनाथराव बघत्यात माझी वाट."

रंगनाथ! मी कागदाकडे पाहिलं. सूर्यभान. मी स्ट्रेचर मागे ओढलं.

"अहो, मग 'व्हय' का म्हणालात?"

"तुमीच म्हनला, कोल्हारची कडूबाई. हाय की मी. आन् दवाखान्यात न्हाई कसं म्हनायचं?"

डॉक्टर बाहेर आले. माझी नोकरी गेली असं मी धरूनच चालले. ते कडूबाईच्या पोटाकडे, मग कागदाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "उत्तर आपणच सांगून प्रश्न विचारायचा नाही. नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या. आणि मीही आजपासून साळूबाईंचा प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला टेबलावर घेणार नाही."

तासाभराने गाठ असलेली कडूबाई आणली. डॉक्टरांनी स्वतः विचारलं, "तुमचं नाव? यजमानांचं नाव?"

"कडूबाई. पन साहेब, बाप्या मानसापुढं त्यांचं नाव कसं घिऊ?"

क्लोरोफॉर्मची बाटली उघडलेली, सगळे खोळंबलेले. मला वाटलं, आता डॉक्टर चिडणार. ते सरळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"घ्या आता."

"सूर्यभान," ती कुजबुजली.

"ऐकू आलं नाही," डॉक्टर भिंतीला म्हणाले. "मोठ्यानं!"